दोन वन्सं

काडीबाईला दोन वन्सं होत्या. एक तळमजल्यावर राहायच्या आणि दुसऱ्या तिच्या उजव्या खुब्यात.

तळमजल्यावरच्या वन्सं म्हणजे नवऱ्याची सख्खी मोठी बहीण. जन्मभर मुलींच्या शाळेत पीटी शिकवलेली बाई. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिळ्याला अडकवली, पण आवाज काही काढून ठेवता आला नाही. सकाळी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून त्या नुसतं "उठलात का रे?" म्हणाल्या, तरी वरच्या मजल्यावरची माणसं अंथरुणात सावधान व्हायची.

खुब्यातल्या वन्सं त्या मानाने अबोल. सांध्यांचा जुनाट आजार. कंबरेच्या मणक्यात सुरू झाला आणि सावकाश, घाईगर्दी न करता, खाली खुब्यात उतरला. डॉक्टर म्हणाले होते, हा बरा होत नाही, याला सांभाळून राहायचं. तेव्हापासून काडीबाई त्याला सांभाळत होती. रात्रभर पडून राहिलं की सकाळी अंग लाकडासारखं व्हायचं, जरा हालचाल केली की सुटायचं, आणि आता सुटलं म्हणून कामाला हात घालावा तर दुपारी पुन्हा धरायचं. याला नियम नव्हता. नियम असता तर तिने केव्हाच त्याच्याशी जुळवून घेतलं असतं.

त्याला वन्सं हे नाव पडलं ते चेष्टेतच. आजार नवा होता तेव्हा एका सकाळी तिला पलंगावरून उठता येईना. नवऱ्याने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "पाहुण्या आल्यात. सांगून आल्या नाहीत, कधी जाणार ते विचारायची सोय नाही, आणि मी कशीही बसले तरी म्हणतात, अशी काय बसलीस!"

"म्हणजे आमची ताईच की," नवरा म्हणाला.

दोघं इतकी हसली की खुब्यातून कळ आली. मग नाव कायमच झालं. शिवाय या पाहुण्या जाताना चांगल्या माणसासारखं "येते हं" म्हणून जायच्या आणि शब्दाला जागायच्या. घोटाळा व्हायचा प्रश्न नव्हता. नवरा बहिणीला ताई म्हणायचा, तेव्हा त्याच्या तोंडी वन्सं आलं की ते दुखणंच. आणि ती खऱ्या वन्संबद्दल नवऱ्याशी बोलताना "तुमची ताई" म्हणायची, त्यातही राग असला तर "तुमच्या ताईसाहेब". अशी ही भाषा त्या दोघांच्या घरात दहा वर्षं बिनबोभाट चालली होती.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अख्ख्या शहराला वर-खाली करणारा हा माणूस राहायचा मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. शेजारी त्यावरून त्याची टर उडवायचे. पहिली काही वर्षं तोही हसायचा. बायको जिन्यात अर्ध्यावर कठड्याला धरून उभी राहायला लागली, तेव्हापासून त्याचं हसू जरा उशिरा यायला लागलं.

काडीबाई हे नाव तिला चष्म्याच्या दुकानाने दिलं होतं. दुकान गल्लीच्या तोंडाशी, एक रस्ता ओलांडला की समोर. दर्शनी काचेच्या मागे एक टेबल, टेबलावर दिवा, बोटभर लांबीचे स्क्रू-ड्रायव्हर, फ्रेम गरम करायचं यंत्र, आणि मागे ही. तुटलेली काडी बसवणं, ढिला स्क्रू आवळणं, नाकावरून घसरणारा चष्मा नाकावर ठरवणं, ही तिची कामं. खुबा कितीही कुरकुरला तरी तिची बोटं शाबूत होती आणि त्या बोटांचा तिला थोडा गर्व होता.

एकदा नवऱ्याने सुचवलं होतं, चष्मे घरीच मागवून घे ना. त्यावर तिने त्याच्याकडे असं पाहिलं होतं की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. चष्मा काय नुसता दुरुस्त करायचा असतो? तो माणसाच्या तोंडावर बसवायचा असतो. एकाचा कान वर, एकाचा खाली. कुणाचं नाक लहानपणी कुठेतरी आपटलेलं. अनोळखी माणसं तिच्यासमोर येऊन निमूटपणे तोंड पुढे करायची, आणि ती दोन्ही हातांनी चष्मा चढवून विचारायची, "आता दिसतं का नीट?" मग तो चेहरा उजळायचा. दिवसभरात असे पुष्कळ चेहरे उजळायचे. घरी बसलं तर तिसऱ्या मजल्यावर आपलं नाक घेऊन कोण येणार होतं?

पण दुकानात जायला आधी खाली उतरावं लागे. वन्सं खुब्यात ठाण मांडून बसल्या की तीन मजले म्हणजे डोंगर. उतरलंच, तर पुढे सिग्नलवरचा हिरवा माणूस. ती रस्त्याच्या मध्यावर पोचायच्या आत तो पळत सुटायचा, आणि मग मोटारी हिच्याकडे बघून भोंगे वाजवायच्या. "तुझं काय जातंय पळायला," ती त्या हिरव्या माणसाला रोज सुनावायची. महिन्यातले निम्मे दिवस ती दुकानात पोचायची. उरलेले दिवस खिडकीत.

शेवटी दुकानाच्या मालकाने विषय काढलाच. माणूस वाईट नव्हता. बोलताना तो स्वतःचाच चष्मा पुसत होता, जो मुळीच मळला नव्हता. "टेबलाशी रोज कुणीतरी लागतं हो. लोक तुटका चष्मा हातात धरून येतात, तुम्ही नसलात की धडपडत परत जातात. तुम्ही रोज येणार असाल तर मला दुसरं कुणी नकोच. नाहीतर मग... सोमवारी सांगा."

त्या दिवशी जिना चढताना ती प्रत्येक वळणावर थांबली आणि प्रत्येक वळणावर तिला तेच टेबल दिसलं, पण मागे कुणी दुसरीच बसलेली.

"ताईला विचारू का?" नवरा म्हणाला. "ती वर येईल, आपण खाली जाऊ. तिला जिना म्हणजे पोरखेळ."

"खबरदार!"

"अगं, पण..."

"तुमच्या ताईसाहेबांपुढे मी पदर पसरणार नाही. टेबल गेलं तरी चालेल."

टेबल गेलं तर चालणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण यामागे एक शब्द होता. आजाराच्या सुरुवातीला एकदा ती जिन्यात बसली असताना वन्सं चार शेजारणींसमोर म्हणाल्या होत्या, "काही नाही गं, हिला जिने चढायचा कंटाळा आहे." कंटाळा! तो शब्द तिच्या जिव्हारी लागला होता. त्या दिवसापासून वन्सं समोर असल्या की ती दात-ओठ आवळून ताठ चालायची. काठी मागे लपवायची, हसायची आणि दार लागलं की भिंतीला टेकायची. वन्संनी तिला वाकलेली पुन्हा पाहिली नाही. त्यामुळे त्यांची खात्रीच पटली की कंटाळाच होता, आपण बोललो म्हणून गेला.

मग ती सकाळ उजाडली.

खुब्यातल्या वन्सं पहाटेच दाखल झाल्या होत्या आणि त्याही सामानसुमानासकट. काडीबाई पलंगावर आडवी, नवरा स्वयंपाकघरात पिशवीत भरायला पाणी तापवत होता. मध्ये दोन दारं, म्हणून दोघंही घसा ताणून बोलत होती. केर ठेवायला उघडलेलं बाहेरचं दार नवरा लावायला विसरला होता. आणि त्या अर्धवट उघड्या दाराबाहेर, हातात काडी निखळलेला चष्मा घेऊन, तळमजल्यावरच्या वन्सं उभ्या होत्या. भावजयीकडे काही काम घेऊन त्या क्वचितच यायच्या. नेमक्या त्या दिवशी आल्या, आणि घंटा वाजवायला उचललेला हात तसाच राहिला.

"वन्सं गेल्या का गं?" आतून भावाचा आवाज आला.

"कुठल्या जातायत! पहाटेपासून नुसता छळ मांडलाय."

"गोळी घातलीस का?"

"एक घातली. ढिम्म हलल्या नाहीत."

"मग दुसरी घाल!"

"तीही घातली. यांच्यावर परिणाम होईल तर शपथ."

"थांब, पाणी उकळलंय. घेऊनच येतो. अंगावर गरमागरम पडलं की पळतील."

"पळतायत कसल्या! मी मेल्याशिवाय या कायमच्या जात नाहीत, मला लिहून द्या."

आणि दोघंही खदखदून हसली.

काडीबाईला मध्येच जिन्यात पावलं वाजल्यासारखी वाटली. केर नेणारा असेल, असं म्हणून तिने पिशवी खुब्याखाली सरकवली आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात कुणी कुणाला उठवलं नाही. इमारत आपापल्या मनाने उशिरा उठली. तिसऱ्या दिवशीही तेच. काडीबाईला आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटलं, मग काळजी वाटायला लागली. "तुमच्या ताईचा घसा बसलाय का बघा हो," तिने नवऱ्याला पिटाळलं.

नवरा परत आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "ताई चाललीय. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मैत्रिणीकडे राहायला. कायमची. खालच्या खोल्या पुठ्ठ्याची खोकी ठेवायला देतेय कुणाला तरी. तो माणूस उद्या संध्याकाळी किल्ली न्यायला येतोय."

तोंडाने काडीबाई नको म्हणाली होती, पण मनाच्या एका कोपऱ्यात तिने त्या खोल्यांत आपला पलंगसुद्धा मांडून ठेवला होता, खिडकीपासून जरा अंतरावर. आता तिथे पुठ्ठ्याची खोकी.

"पण झालं काय अचानक?"

"काही कळत नाही. मला म्हणते कशी, 'दोन-दोन गोळ्या घालूनही जी हलत नाही, तिने आता स्वतःच हलायचं ठरवलंय.' आणि वर, 'उकळतं पाणी वाया घालवू नका.' मला वाटतं, वयामुळे जरा..."

काडीबाईने डोळे विस्फारले. तिने हात तोंडावर नेला. मग तिच्या खांद्यांना असा काही गचका बसायला लागला की नवऱ्याला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. हसता हसता खुब्यातून कळ येत होती, "आई गं" म्हणत होती आणि पुन्हा हसत होती. आणि मग खरोखरच रडायला लागली.

"अहो, त्या दारात होत्या! त्या दिवशी! आपण वन्संना गोळ्या घालत होतो, तेव्हा वन्सं दारात होत्या!"

नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. पडला तेव्हा तो दाराकडे वळला. मग चपला पायात सरकवून खाली पळाला आणि गेल्या पावली परत आला.

"दारच लावलं तोंडावर. म्हणाली, 'तिचं एक वेळ ठीक आहे, ती परक्या घरची. पण तू? सख्खा भाऊ तू, माझ्या मागे मला वन्सं म्हणून वेडावतोस?' मी सांगायला गेलो की ते दुखण्याचं नाव आहे, तर म्हणाली, अजून एक थाप मार."

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली होती आणि आत माणसं होती. काडीबाईने वन्संना फोन लावला. तिकडून कट. पुन्हा लावला. पुन्हा कट. जिन्यात उभं राहून हाका माराव्यात तर सगळ्या इमारतीचे कान टवकारलेले. आणि संध्याकाळी तर पुठ्ठेवाला येणार.

तिने खुब्याला विचारून पाहिलं. खुब्याचं उत्तर स्पष्ट होतं. तरी तिने गाऊनवर ओढणी घेतली, काठी घेतली, आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसली. बसूनच उतरायचं ठरवलं होतं. एक पायरी, मग बूड खालच्या पायरीवर, मग चांगला पाय, मग वाईट पाय हाताने उचलून. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दळण घेऊन वर येत होत्या, त्यांनी विचारलं, "काही सांडलं का हो?"

"हो," काडीबाई म्हणाली. "मीच."

खाली पोचेपर्यंत तिला घामाने अंघोळ झाली होती. वन्संच्या दारावर तिने काठीनेच ठोकलं. दार उघडलं ते भांडायच्या तयारीने, पण समोर कुणी दिसेना. मग वन्संनी खाली पाहिलं. भावजय शेवटच्या पायरीवर बसली होती, केस विस्कटलेले, एक पाय सरळ लांब, जणू दुसऱ्या कुणाचा आणून ठेवलेला.

"हे काय?"

"उठायला हात द्या आधी. मग घालून पाडून बोला."

वन्संनी हात दिला. त्यांच्या हातातून जन्मभरात हजारो मुली कोलांटउड्या मारून गेल्या होत्या. अंगाचं वजन कुठे जातंय ते त्यांना हाताला कळायचं. भावजयीला उभं करताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. आत नेऊन खुर्चीत बसवताना ती आठी आणखी खोल गेली.

"वाकव पाय."

"वाकत नाही."

"वाकत नाही म्हणजे?"

"म्हणजे वाकत नाही, वन्सं. कैक वर्षं वाकत नाही."

खोलीत दोन ट्रंका बांधून तयार होत्या. भिंतीवरच्या बक्षिसांच्या ढाली उतरवलेल्या, त्यांच्या जागी पांढरे चौकोन. शिट्टी मात्र अजून खिळ्यालाच होती. वन्सं ट्रंकेवर बसल्या. डोळ्यांवर चष्मा होता, पण त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि त्यामुळे सगळा चेहराच एका बाजूला कलल्यासारखा दिसत होता. काडीबाईला ते बघवेना.

"तो इकडे द्या."

"राहू दे. मरेपर्यंत पुरेल."

"वन्सं, द्या म्हणते ना!"

भावजयीने आवाज चढवल्याची ही पहिलीच वेळ. वन्संनी गुपचूप चष्मा काढून दिला. काडीबाईने गाऊनच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. तो आणि एक-दोन स्क्रू तिच्या खिशात झोपतानासुद्धा असायचे. दोरा तोडत, मान खाली घालून, ती बोलायला लागली. समोर बघून बोलायची छाती नव्हती.

"ते तुम्हाला नव्हतं. देवाशपथ नव्हतं. माझ्या दुखण्याला आम्ही वन्सं म्हणतो."

"म्हणजे मी दुखणं?"

"तुम्ही नाही. दुखणं तुम्ही."

बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की यात फारसा फरक पडला नाही. तिने जीभ चावली.

"आणि माझंच नाव का? जगात दुसरी माणसं नव्हती?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "कारण ते सांगून येत नाही. आलं की हलत नाही. माझं सगळंच त्याला चुकीचं दिसतं. आणि त्याच्यापुढे मला तोंड वर करून बोलता येत नाही." स्क्रू भोकात बसत होता, तिने तो अंगठ्याने धरला. "शिवाय तुम्ही म्हणालात, मला कंटाळा आहे. चारचौघींत म्हणालात. मी त्या रात्री जेवले नव्हते."

वन्संनी ट्रंकेची कडी एकदा काढली, पुन्हा लावली.

"पीटीच्या तासाला," शेवटी त्या म्हणाल्या, आणि आवाज शिट्टीचा नव्हता, "अर्ध्या वर्गाच्या पोटात दुखायचं. रोज. मी सगळ्यांना पळवायची, आणि सगळ्यांचं पोट थांबायचं. मला वाटलं, तूही त्यातलीच." मग एकदम उसळून, "पण माझ्यासमोर तर चांगली ताठ चालायचीस! एकदाही लंगडलीस का? मला कळावं कसं?"

"तुमच्यासमोर म्हणूनच ताठ चालायची."

"मूर्ख आहेस."

"आहेच."

"आणि मीही."

यावर काडीबाईने "छे, छे" म्हणायला हवं होतं. तिने चष्म्याच्या काचा ओढणीला पुसल्या. उठता येत नव्हतं, म्हणून तिने खूण केली. वन्सं पुढे वाकल्या, आणि तिने दोन्ही हातांनी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला, कानामागे बोट फिरवून काडी बसवली. इतक्या वर्षांत तिने या बाईच्या तोंडाला पहिल्यांदाच हात लावला होता. डावा कान जरा खाली होता.

"आता दिसतं का नीट?"

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. घामेजलेला चेहरा, लांब ठेवलेला पाय, गाऊनला जिन्याची धूळ. "दिसतं," त्या म्हणाल्या.

मग नाक ओढून त्यांनी विचारलं, "तर तू खोल्या मागायला उतरलीस. भाऊ म्हणत होता काल काहीतरी, तुझ्या दुकानाचं."

"नाही." काडीबाईला आता खरंच रडू यायला लागलं, आणि तिने ते येऊ दिलं. "खोल्या द्या त्या खोक्यांना. माझं टेबल जायचं असेल तर जाऊ दे. मला दोन वन्सं आहेत. त्यातल्या नको त्या राहतायत आणि हव्या त्या चालल्यात, म्हणून उतरले."

वन्सं ट्रंकेवरून उठल्या. खिडकीशी गेल्या, परत आल्या, खिळ्यावरच्या शिट्टीला उगाच हात लावून बघितला. चष्मा आत्ताच बसवलेला असूनही त्यांनी तो काढून डोळे पुसले आणि पुन्हा वाकडा चढवला.

"ही ट्रंक वर चढवायला मला कुणाची मदत लागणार नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला सांग, संध्याकाळी पलंग खोलून ठेव. आणि विचारलं असतंस तर तोंड झिजलं असतं का?"

"तुम्ही म्हणाला असतात, कंटाळा."

"म्हणाले असते," वन्संनी कबूल केलं.

संध्याकाळी पुठ्ठेवाला आला, त्याला वन्संनी दारातूनच अशा आवाजात परत पाठवलं की तो बिचारा गल्लीच्या तोंडापर्यंत तालात चालत गेला. नवरा कामावरून आला तो जिन्यात ताईला भेटला. ती डोक्यावर ढाली घेऊन वर चालली होती. तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "मला वन्सं म्हणतोस काय रे!" एवढंच म्हणाली, पण धपाटा मनापासून होता.

खुब्यातल्या वन्सं काही तिसऱ्या मजल्यावर गेल्या नाहीत. त्या काडीबाईबरोबर तळमजल्यावर उतरल्या आणि पहिल्याच आठवड्यात तिथेही रुळल्या. तळमजल्यावर डासही होते, आणि खिडकीतून येणारा-जाणारा प्रत्येक जण डोकावायचा. पण दार उघडलं की रस्ता होता. सोमवारी मालकाला तिने सांगितलं, रोज येईन, कधी उशीर होईल, पण येईन. मालकाने न मळलेला चष्मा पुसला आणि तिची खुर्ची जरा उंच करून घेतली.

आता सकाळी हाक वरून खाली येते. वन्सं तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्यावरून वाकतात आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "काय गं, मी आलेय का आज?"

शेजाऱ्यांना आधी वाटलं, बाईंना भ्रम झाला. आता कुणी मान वर करून बघत नाही.

बरेच दिवस खालून उत्तर जातं, "नाही आलात!" मग वरून समाधानाचा हुंकार येतो. पण परवा सकाळ वाईट होती. काडीबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एका हातात काठी, खांद्याला पिशवी, ओठ आवळलेले. ती आता वन्संसमोर ताठ चालत नाही.

"काय गं, मी आलेय का?"

"आलात! पहाटेपासून!" तिने वर तोंड करून ओरडून सांगितलं. "पण मला थांबायला वेळ नाही. तुम्हाला घेऊनच चाललेय दुकानात!"

वन्सं कठड्यावरून आणखी थोड्या वाकल्या.

"मग सावकाश ने मला," वन्सं म्हणाल्या. "आणि तो हिरवा माणूस पळाला तर पळू दे. आपण रस्त्याच्या मधोमध चालू."